कानावरून अंडं ओळखता येत नाही

"ज्या प्राण्यांचे कान बाहेरून दिसतात ते पिल्लांना जन्म देतात. ज्यांचे कान दिसत नाहीत ते अंडी घालतात. या नियमाला जगात एकही अपवाद नाही. हे गुपित आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं, विज्ञानाला मात्र यामागचं कारण आजवर सापडलेलं नाही."

हा निरोप तुमच्याही फोनवर आला असेल. कधी त्यात एखादा मेंढपाळ असतो, कधी गुरू-शिष्य असतात, कधी नुसत्या या चार ओळी आणि खाली जोडलेले हात. मला तो गेल्या काही वर्षांत मावसभावाकडून, जुन्या सहकाऱ्यांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून आला. मी वाचायचो आणि सोडून द्यायचो. कुणाचं काय बिघडतंय, असं वाटायचं.

बिघडतं, हे मला एका मुलीमुळे कळलं. मी कोकणातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या सहावीतली ही मुलगी सामान्यज्ञानाच्या एका स्पर्धेला बसली होती. 'चूक की बरोबर' या प्रश्नात एक विधान होतं: कान न दिसणारे सर्व प्राणी अंडी घालतात. तिने 'चूक' लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात 'घोणस पिल्लं देते' असंही लिहिलं. तपासणाऱ्याने त्यावर लाल फुली मारली होती. ती कुठून ऐकून लिहीत नव्हती. तिच्या वडलांच्या काजूच्या बागेत, रचून ठेवलेल्या लाकडांखाली घोणस निघाली होती. सर्पमित्राने ती पकडून झाकणाला भोकं पाडलेल्या पिंपात ठेवली, रात्र झाली म्हणून सकाळी रानात सोडायचं ठरलं, आणि सकाळी पिंपात एकीच्या जागी घोणशींचा गुंता वळवळत होता. तिने लांबून मोजली. ३१ पिल्लं. पेपर हातात घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "सर, मग मी काय बघितलं?"

म्हणून या निरोपातलं एकेक विधान घेऊन नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

"ज्यांचे कान दिसतात ते पिल्लांना जन्म देतात."

चारांतलं हे विधान सत्याच्या सगळ्यात जवळ आहे, तेव्हा आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. गाय, शेळी, कुत्रा, मांजर, ससा, हत्ती, माकड, उंदीर, सगळ्यांना कानाची पाळी आहे आणि सगळ्यांना पिल्लंच होतात. वटवाघळाच्या बाबतीत तर हा नियम मुलांच्या उपयोगीही पडतो. ते उडतं म्हणून मुलं त्याला पक्ष्यांत बसवतात, पण त्याचे उभे कान पाहिले की ते कोणाच्या घरातलं आहे हे कळतं.

पण 'कान दिसतात' म्हणजे नक्की काय दिसतं? निरोपात ते कुठेच सांगितलेलं नाही, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. आपण ज्याला कान म्हणून हात लावतो ती नुसती पाळी आहे, कूर्चा आणि कातडीचं एक पन्हाळ. आवाज गोळा करून आत पाठवणं एवढंच तिचं काम. ऐकणारा कान हाडाच्या आत असतो. तो पक्ष्याला आहे, बेडकाला आहे, माशाला आहे, सापालाही आहे. ढोमा किंवा घोळ मासा खाणाऱ्या घरात त्याच्या डोक्यातले पांढरे गुळगुळीत खडे सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते माशाच्या आतल्या कानातले खडे. त्यांच्यामुळे त्याला आवाज आणि तोल दोन्ही कळतात.

आता दिसण्याचंच म्हणाल, तर अंडी घालणाऱ्यांचे कानही दिसतात. भिंतीवरची पाल जवळून बघा. डोळ्याच्या मागे एक बारीक भोक असतं, तो तिचा कान. पावसाळ्यात डबक्याकाठी बसलेल्या बेडकाच्या डोळ्यामागे गोल चकती दिसते, तो तर थेट कानाचा पडदाच, उघड्यावर. कोंबडीच्या कानाखाली कातडीची लाल किंवा पांढरी घडी लोंबत असते, तिलाही पाळीच म्हणतात, पण आवाज गोळा करणारी पाळी ती नव्हे. हुमा घुबडाच्या डोक्यावर तर दोन टोकदार कान उभे दिसतात. ती नुसती पिसं आहेत, त्यांचा ऐकण्याशी संबंध नाही, पण लांबून पाहणाऱ्याला कान दिसतात हे खरं, आणि हुमा घुबड अंडी घालतं हेही तितकंच खरं.

तेव्हा 'कान' या शब्दाच्या जागी 'कानाची पाळी' असं लिहिलं तरच हे पहिलं विधान उभं राहतं. तेवढी दुरुस्ती आपण करून घेऊ आणि पुढे जाऊ, कारण मोठा घोटाळा दुसऱ्या विधानात आहे.

"ज्यांचे कान दिसत नाहीत ते अंडी घालतात. एकही अपवाद नाही."

भारतात सर्पदंशावर जे प्रतिविष देतात ते चार सापांच्या विषापासून तयार होतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः या चौघांमुळे. चौघांपैकी कुणालाही कान दिसत नाही, पाळी नाही की भोक नाही. नाग आणि मण्यार अंडी घालतात. घोणस आणि फुरसं पिल्लांना जन्म देतात. म्हणजे ज्या चार सापांची ओळख महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याला, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला असायलाच हवी, त्यांतल्या निम्म्यांच्या बाबतीत 'एकही अपवाद नसलेला' हा नियम खोटा ठरतो.

घोणशीच्या पोटात अंडी तयार होतात, पण त्यांच्यावर कवच चढत नाही. ती आईच्या पोटातच राहतात, पिल्लू आतल्या बलकावर वाढतं, पूर्ण वाढ झाली की एका पातळ पारदर्शक पडद्यात गुंडाळलेलं बाहेर येतं आणि काही वेळात तो पडदा फाडून चालू लागतं. एका वेळी साधारण २० ते ४०, कधीकधी ६० च्याही पुढे. जन्मल्या क्षणापासून त्याला विषाचे दात असतात आणि दातांत विष असतं. आईने राखण करावी, काही शिकवावं, असा प्रकार नाही.

फुरशाचंही तेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर दगड उचलताना, गवत कापताना ज्याची धास्ती असते ते हे वीतभर-हातभर जनावर. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. तेही पिल्लंच घालतं, आणि कोकणात गवत कापणाऱ्या बायांना हे मुळीच नवीन नाही.

यादी इथे थांबत नाही. झाडावर पोपटी वेलासारखा लोंबणारा हरणटोळ पिल्लं देतो. सह्याद्रीतला चापडा पिल्लं देतो. अंधश्रद्धेपायी ज्याची चोरटी विक्री चालते ते बिचारं मांडूळ पिल्लं देतं. घोणशीसारखी दिसते म्हणून नाहक मारली जाणारी डुरक्या घोणस, जी बिनविषारी आहे, तीही पिल्लं देते. मातीखाली राहणारे, शेपटीला खवल्यांची ढाल असलेले खापरखवले पिल्लं देतात. जाळ्यात येणारे समुद्री साप तर बहुतेक सगळे समुद्रातच पिल्लांना जन्म देतात. त्यांना जमिनीवर यावंच लागत नाही. आणि दुसऱ्या बाजूला नाग, मण्यार, धामण, तस्कर, नानेटी, अजगर हे अंडी घालणारे. दोन्ही रांगांत कान शून्य. मग कान बघून तुम्ही यांची वाटणी कशी करणार?

जगभरचे साप आणि सरडे, पाली, सापसुरळ्या एकत्र धरल्या तर त्यांच्या ११,००० हून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या जाती पिल्लांना जन्म देतात. दोन हजारांच्या आसपास जाती झाल्या या! हे अपवाद म्हणून बाजूला सारण्यासारखे आकडे नाहीत.

आता समुद्रावर या. मालवणात मोरी म्हणतात, मुंबईकडे मुशी म्हणतात. मोरीचं मटण सगळ्यांना ठाऊक, पण मोरी साफ करणाऱ्या बाईला विचारा. मोठ्या मादीच्या पोटातून तिने तयार पिल्लं निघालेली पाहिली असतात. आपल्या किनाऱ्यावर भरपूर मिळणारी लहान मुशी तर आणखी पुढे गेलेली आहे. तिची पिल्लं नाळेने आईला जोडलेली असतात आणि त्या वाटेने त्यांचं पोषण होतं. मासा आहे, कान दिसत नाही, अन् नाळ आहे. शार्क आणि पाकट यांच्या कुळात निम्म्याहून जास्त जाती अशा पिल्लं देणाऱ्या आहेत. १९९५ साली तैवानजवळ पकडल्या गेलेल्या एका व्हेल शार्कच्या पोटात सुमारे ३०० पिल्लं मिळाली होती. याच कुळातले काही बांबू शार्क मात्र चामडी पिशवीसारखी अंडी घालतात. तेही आपल्याच पाण्यात असतात, आणि कान तिथेही नाही.

डॉल्फिन आणि देवमासा यांना तर कुणी विसरू नये. दापोलीपासून तारकर्लीपर्यंत लोक होडीतून डॉल्फिन बघायला जातात. त्याच्या गुळगुळीत डोक्यावर कान कुठे दिसतो? डोळ्याच्या मागे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं, तेही जवळून शोधावं लागतं. पिल्लं मात्र जिवंत जन्मतात आणि आईचं दूध पितात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू येऊन अडकलं होतं. माणसं त्याच्यावर पाणी ओतत होती, त्याला पुन्हा खोल समुद्रात न्यायची धडपड करत होती. ते वाचलं नाही. त्या दिवसांत आमची पोरं रोज विचारायची, त्याची आई कुठे असेल. ते दूधपितं पिल्लू आहे आणि आईवाचून त्याचं काही खरं नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कानाच्या नियमाने त्याला अंड्यातून बाहेर काढलं असतं.

अजून जवळचं उदाहरण हवं असेल तर आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीत वाका. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी टाकीत, विहिरीत गप्पी मासे सोडून जातात. डासांच्या अळ्या खातात म्हणून. आमच्या शाळेच्या टाकीतही सोडले होते. ८-१० मासे सोडले आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांची फौज झाली. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लं सोडते. नियम तपासायला यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा कुठली?

आणि विंचू? 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ज्याने पहिल्यांदा केली त्याने पाठीवर पांढुरक्या पिल्लांचा ढीग घेऊन जाणारी विंचवीण बघितली होती. विंचू अंडी घालत नाही. पिल्लं जिवंत बाहेर येतात, आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. (पिल्लं आईला खातात हा समज चुकीचा आहे.) त्याचप्रमाणे वालावर, मोहरीवर, कपाशीवर बसणारा मावा. तो इतका भराभर वाढतो त्याचं कारण हेच, की हंगामात त्याच्या माद्या नराशिवाय, अंडी न घालता, थेट पिल्लं देत सुटतात. ज्याने मावा धुतलाय त्याला हे नीट समजेल.

एक उदाहरण मला फार आवडतं म्हणून सांगतो. कोकणात पावसाळ्यात माती उकरताना गांडुळासारखा, पण जरा जाड, चकचकीत, तोंड असलेला प्राणी सापडतो. त्याला देवगांडूळ म्हणतात. तो गांडूळ नाही, बेडकाच्या नात्यातला उभयचर आहे, पाय नसलेला. या गटातल्या आपल्याकडच्या जाती अंडी घालतात असंच धरून चाललं होतं. २००८ साली संशोधकांनी दाखवून दिलं की कोकणातली एक जात, गेगेनिओफिस शेषाचारी, पिल्लांना जन्म देते. संपूर्ण आशियातला पिल्लं देणारा हा पहिला ज्ञात उभयचर. तो आपल्या लाल मातीत निघाला! त्याला कान दिसत नाहीत हे पाहून संशोधक घरी परतले असते, तर हे कुणाला कळलं नसतं.

"विज्ञानाला यामागचं कारण आजवर सापडलेलं नाही."

कारण आहे, आणि ते समजायला अवघडही नाही.

दूध पाजणाऱ्या प्राण्यांचं घराणं फार जुनं. त्या घराण्याची एक फांदी १५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतले प्लॅटिपस आणि एकिडना हे तिचे आजचे वारस. ते दूध पाजतात, पण अंडी घालतात. उरलेल्या मोठ्या फांदीत पुढे दोन गोष्टी आल्या: पिल्लू पोटात वाढवणं आणि कानाची मोठी, हलणारी पाळी. गाय, मांजर, माणूस, कांगारू सगळे याच फांदीवरचे. एकाच घरात दोन्ही गोष्टी नांदल्या म्हणून त्या बरोबर दिसतात. एखाद्या घरात सगळे उंच आणि सगळे गाणारे असले म्हणून उंचीमुळे गळा येत नाही.

हे नुसतं मानायचं का? नाही, पडताळूनही बघता येतं. एखाद्या प्राण्याची पाळी गेली तर तो अंड्यांकडे वळतो का, ते पाहायचं. समुद्रातले सी-लायन आणि सील हे एकमेकांचे नातेवाईक. सी-लायनला इवलीशी पाळी असते. खऱ्या सीलची पाळी गेलेली आहे, नुसतं छिद्र उरलंय. जन्म देण्याच्या रीतीत काडीचाही फरक पडलेला नाही, दोघांनाही पिल्लंच होतात. जमिनीखाली बोगदे खणणारा युरोपातला मोल, त्याचीही पाळी गेली, माती अडकू नये म्हणून. त्यालाही पिल्लंच होतात. आपल्या खवले मांजराचे कान तर खवल्यांच्या कडेला शोधावे लागतात. त्याला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं आणि ते आईच्या शेपटीच्या बुंध्यावर बसून फिरतं.

उलट बाजूनेही बघा. साप-सरड्यांच्या घराण्यात अंड्यांकडून पिल्लांकडे जाण्याची वाट एकदा नव्हे, वेगवेगळ्या शाखांत शंभराहून अधिक वेळा तयार झालेली आहे. त्यांतल्या एकालाही त्यासाठी कान फुटले नाहीत. युरोपात एक सरडा आहे, झूटोका. बहुतेक ठिकाणी तो पिल्लं देतो, पण पिरेनीज पर्वतासारख्या दक्षिणेकडच्या काही भागांत तीच जात अंडी घालते. ऑस्ट्रेलियातल्या तीन बोटांच्या एका सापसुरळीने तर कमाल केली. २०१९ साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी नोंद केली की तिने एकाच गरोदरपणात आधी अंडी घातली आणि काही आठवड्यांनी जिवंत पिल्लू दिलं. त्या मधल्या आठवड्यांत तिच्या कानांत काय बदल झाला असेल? अंडं पोटात किती दिवस ठेवायचं, त्यावर कवच चढवायचं की नाही, हा गर्भाशयाचा व्यवहार आहे. थंडी, पाऊस, भक्ष्य, अंड्यांना असलेला धोका यांच्याशी त्याचं नातं आहे. डोक्यावर काय आहे त्याच्याशी नाही.

प्लॅटिपसचं नाव निघालंय तर त्याची हकीगत सांगायलाच हवी. त्याला कानाची पाळी नाही आणि तो अंडी घालतो, म्हणजे निरोपाच्या बाजूने बोलणारा एक साक्षीदार आहे, हे मी लपवत नाही. पण तो अंडी घालतो हे ठरलं कसं? १८०० च्या सुमारास या प्राण्याची कातडी युरोपात पोचली तेव्हापासून तिथले विद्वान भांडत होते. केस आहेत, दूध आहे, मग अंडी कशी असतील, असं एक टोक. चोच आहे, मग अंडी का नसतील, हे दुसरं. जवळजवळ शंभर वर्षं प्रत्येकजण आपापल्या नियमावरून निकाल देत होता. शेवटी विल्यम कॉल्डवेल हा तरुण ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ १८८४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये बर्नेट नदीच्या काठी मुक्काम ठोकून बसला. तिथल्या आदिवासींनी त्याला प्राणी शोधून दिले, आणि एक मादी अशी मिळाली की जिने एक अंडं नुकतंच घातलं होतं आणि दुसरं घालायच्या बेतात होती. त्याने तारेने कळवलं की हे प्राणी अंडी घालतात. त्याच सुमारास ॲडलेडमध्ये विल्हेल्म हाके या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाला एकिडनाच्या पोटावरच्या पिशवीत अंडं सापडलं. वाद मिटला तो नदीकाठच्या चिखलात हात घातल्यावर.

आमच्या सहावीतल्या मुलीने लाकडांच्या राशीजवळ उभं राहून जे केलं ते याहून वेगळं नव्हतं.

"आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं."

इथे मला खरं दुःख होतं. कारण पूर्वजांचं नाव घेऊन त्यांच्या तोंडी असं काही घातलं जातंय जे निदान खालच्या ग्रंथांत तरी त्यांनी म्हटलेलं नाही.

त्यांनी काय म्हटलंय ते वाचायला मिळतं. छांदोग्य उपनिषदात जीवांची तीन बीजं सांगितली आहेत: अंडज म्हणजे अंड्यातून होणारे, जीवज म्हणजे जिवंत जन्मणारे आणि उद्भिज्ज म्हणजे जमीन फोडून उगवणारे. ऐतरेय उपनिषदात चार येतात: अंडज, जारुज (वारेतून जन्मणारे), स्वेदज (घामातून, ओलाव्यातून होणारे) आणि उद्भिज्ज. आपल्या कीर्तनांत 'चार खाणी, चार वाणी' म्हणतात त्या याच खाणी. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात अंडजांची यादीच आहे: पक्षी, साप, मगरी, मासे, कासवं. ही सगळी वाटणी जीव कशातून जन्मतो यावरून केलेली आहे. कानाचा त्यात उल्लेख नाही. पक्ष्याला 'द्विज' म्हटलं, कारण तो एकदा अंड्याच्या रूपात आणि एकदा अंड्यातून असा दोनदा जन्मतो. किती नेमकं बघितलंय! सापाला 'चक्षुःश्रवा' म्हटलं, डोळ्यांनी ऐकणारा. म्हणजे सापाला कान दिसत नाहीत हे त्यांनी टिपलं होतं. पण त्यावरून 'म्हणून तो अंडी घालतो' अशी उडी त्यांनी मारलेली नाही. ती उडी या निरोपाची.

आणि पूर्वजांची यादी आज तपासली तर ती पूर्ण बरोबर नाही, हेही म्हणायला मला संकोच वाटत नाही. त्यांनी सगळे साप आणि सगळे मासे अंडजांत घातले. नाग-धामण बघून केलेल्या यादीत घोणस आणि मोरी निसटली. पुढच्या माणसांनी आणखी बघितलं, यादी सुधारली. परंपरेचा मान राखायचा तो असाच. ग्रंथाचं नाव नाही, अध्याय नाही, श्लोक नाही आणि 'पूर्वजांना ठाऊक होतं' एवढंच लिहून पुढे पाठवणं यात त्यांचा कसला मान?

"पण मुलांना लक्षात ठेवायला सोपं जातं ना!"

हे निरोपात नसतं, निरोप खोडून काढला की मागाहून येतं. मला शिक्षकांनीसुद्धा हे सांगितलंय, म्हणून उत्तर देतो.

सोपं आहे, मान्य. पण कोकणात आणि देशावर ते धोक्याचंही आहे. पावसाच्या तोंडाला, घोणशी-फुरशांना पिल्लं होण्याच्या दिवसांत, पडवीत किंवा गोठ्यात एखादी मादी मारली की लोक आसपास अंडी शोधतात. अंडी मिळाली नाहीत की निर्धास्त होतात. "बघितलं, काही नाही," हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. अंडी मिळणारच नव्हती. पिल्लं झालेली असतील तर ती केव्हाच दगडांत, पेंढ्यात, चपलांजवळ पांगलेली असतात, आणि प्रत्येकाच्या दातांत विष असतं. शिवाय घोणशीचं पिल्लू अंगावरच्या नक्षीमुळे अजगराचं पिल्लू म्हणून उचलायला जाणारे असतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत घोणशीचा वाटा फार मोठा. अशा प्रदेशात 'कान नाही म्हणजे अंडी' हे मुलांना पाठ करून देणं मला जमणार नाही.

सोपं काही हवंच असेल तर हे सांगा: दूध पाजणारे प्राणी पिल्लं देतात, प्लॅटिपस आणि एकिडना सोडून. पक्षी सगळे अंडी घालतात, एकही सुटत नाही. कासवं आणि मगरी सगळ्या अंडी घालतात. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत शंभराच्या आसपास अंडी पुरून समुद्रात परततात, हे आता महाराष्ट्रभरची मुलं जाऊन बघतात. साप, सरडे, मासे, बेडूक आणि किडे यांच्यात मात्र दोन्ही रीती आहेत, तिथे जातीचं नाव विचारावं लागतं. एवढं सहावीच्या मुलाला आरामात कळतं. आमच्या वर्गाला कळलंय.

त्या स्पर्धेच्या आयोजकांना आम्ही पत्र लिहिलं, त्यात घोणशीची माहिती दिली, गुण वाढवून मागितला नाही, पुढच्या वर्षी तो प्रश्न काढा एवढंच म्हटलं. अजून उत्तर आलेलं नाही. त्यानंतर वर्गात एक जाड वही आणून ठेवली. तिचे तीन रकाने मुलांनीच आखले: प्राणी, कान दिसतो का, काय होतं. चौथा रकाना त्या मुलीने वाढवला: कुणी, कुठे पाहिलं. ऐकीव असेल तर नोंद होत नाही, हा नियमही तिचाच. कालपर्यंत वहीत ५३ नोंदी झाल्या होत्या. शेवटची एका पाचवीतल्या पोराची आहे, शुद्धलेखन त्याचंच ठेवलंय: 'गप्पी मासा. कान नाय. पिल्लं. शाळेच्या टाकीत, मधल्या सुटीत, मी स्वता.'